तिघांना पुरेल असा राक्षस

२ फेब्रुवारी, रविवार

राक्षस दुसऱ्याच फेरीत मेला! रविवारच्या फाशांच्या खेळासाठी आठवडाभर खपून काढला होता मी तो. दोन डोकी, लोखंडी गदा, नियमांच्या पुस्तकातल्या हिशेबाने 'अतिकठीण'. आणि या तिघांनी चहा निवायच्या आत त्याचा निकाल लावला. शेजारच्या शिवणकाकू तर म्हणाल्या, "एवढाच होता? मला वाटलं हा नुसता दरवान आहे!" हसून हसून पुरेवाट झाली सगळ्यांची. माझीही.

चूक आता कळतेय. एकटा राक्षस कितीही दांडगा असला तरी फेरीत त्याचा वार एक आणि यांचे तीन. तो गदा उचलेपर्यंत दादाच्या योद्ध्याने हाणलेलं असतं, काकूंच्या चोरणीने मागून सुरा खुपसलेला असतो आणि ढब्बूच्या वैद्याने आणखी एखादा मंत्र टाकलेला असतो. म्हणजे ताकद वाढवून उपयोग नाही. डोकी वाढवायला हवीत, आणि तीही वेगवेगळ्या पाळ्यांना वार करणारी.

दोघे भाऊ आजही एकमेकांशी बोलले नाहीत. दादा म्हणणार, "काकू, त्या वैद्याला सांगा, जरा जवळ उभा राहा." ढब्बू म्हणणार, "काकू, योद्ध्याला सांगा, ऐकू आलं." टेबल केवढं, तर गुडघ्याला गुडघा लागतो! आईच्या ऑपरेशनवरून जुंपली, त्याला दीड वर्ष होईल. दादा म्हणत होता करू या, ढब्बू म्हणत होता तिला आता त्रास नको. ऑपरेशन झालं, आई उठली नाही. दवाखान्याच्या जिन्यात दोघे एकमेकांना जे बोलले ते मी इथे लिहिणार नाही. तेव्हापासून एका छताखाली येतात ते फक्त रविवारी, माझ्याकडे, या खेळाला.

पण येतात! हेच किती आहे. आई गेल्यावर मी स्वतः महिनेच्या महिने पलंग सोडला नव्हता. ढब्बूनेच (नाव ढब्बू, अंगाने काडी!) एक दिवस लहानपणचा फाशांचा डबा आणून पुढ्यात आपटला. "ताई, खेळ सुरू कर. मी येतो. तोही आला तर येऊ दे." लहानपणीही मीच चालवायची खेळ. राक्षस मी, वादळ मी, खानावळवालाही मीच. त्या डब्याचे माझ्यावर फार उपकार आहेत.

३ फेब्रुवारी, सोमवार

दादाचा फोन. "माझ्या योद्ध्याला मारलंस ना, तर माझं संपलं. दुसरा काढणार नाही. येणारही नाही." हसत म्हणाला, पण म्हणाला. दादा यायचा थांबला तर हे दोघे पुन्हा समोरासमोर बसणार कधी?

म्हणजे लढाई अशी हवी की एकमेकांवाचून चालणार नाही, आणि तरी कुणी मरणार नाही. सोपी केली तर दोघे आपापल्या कोपऱ्यात उभे राहून जिंकतात. अवघड केली तर दादा जातो. बस आता डोकं खाजवत!

६ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानात गिऱ्हाईक कमी. चष्म्याच्या काचा घासून झाल्यावर काउंटरवरच लढाई मांडून पाहिली. शिवणकाकूंनी दिलेली कोटाची काळी बटणं म्हणजे लांडगे. मालक येऊन उभे. मला वाटलं आता ऐकवणार. तर म्हणाले, "हे काळे फारच माजलेत," आणि खुर्ची ओढून तीन पाळ्या लांडग्यांच्या बाजूने खेळले! अशा माणसाकडे नोकरी मिळाली, हे माझं नशीबच.

ठरलं ते असं. दादाची ढाल फक्त शेजारी उभ्या असलेल्याला वाचवते. ढब्बूचं औषध फक्त हात लावून देता येतं. लांडगे आठ, पण एकदम नाही. आधी पाच. उरलेले तीन माझ्याकडे राखून. लढाई सोपी पडली तर मागून आले, जड गेली तर ते कधी नव्हतेच. आणि एक नवा नियम: लढाईत निरोप न्यायचा तर निरोप नेणाऱ्याची पाळी गेली. बघू या किती दिवस काकूंच्या तोंडून बोलतात ते!

९ फेब्रुवारी, रविवार

थोडक्यात वाचलो. दोघे बोलले नाहीतच. पाळी जाते म्हटल्यावरही, "काकू, त्याला सांगा, डावीकडे सरक." "काकू, सांगा, सरकलो." काकूंनी सबंध लढाईत सुरा बाहेर काढला नाही. शेवटी त्या कडाडल्या, "मी चोर म्हणून आले होते, मला पोस्टमन करून टाकलंत!"

योद्धा दोन प्राणांवर आला. पुठ्ठ्याच्या आडोशामागे लांडग्याच्या वारासाठी वीस बाजूंचा फासा टाकला, चांगला अठरा पडला, आणि मी बेशरमपणे म्हटलं, "चार! चुकला!" मग लांडग्यांची भूकच मेली, ते जंगलात पळून गेले. ढब्बूने पुठ्ठ्यावर टिचकी मारली. "ताई, आडोशामागे बसून तू आमच्यावर दया करतेस. पुढच्या वेळी फासे सगळ्यांसमोर टाक."

जाताना काकू दारात थांबल्या. म्हणाल्या, "पोरी, मला निरोप न्यायचं काही वाटत नाही गं. इकडचं तिकडे काहीतरी जातंय, तेवढंच." त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पडलेच.

१० फेब्रुवारी, सोमवार

हिशेब कुठे चुकला ते सापडलं. मी वार तीन धरले होते. काकू निरोप नेण्यात अडकल्यावर उरतात दोनच. आणि ते दोघे अबोल!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दादाकडून वहिनीने दुकानात डबा पाठवला. न सांगता, न विचारता. ती खेळत नाही ("तुमची ती भुतं तुम्हालाच लखलाभ"), पण माझ्या पोटाची काळजी तिला. जेवता जेवता नवी लढाई काढली.

दरीवरचा दोरखंडाचा पूल. सांगाडे सहा, पण तकलादू, एका फटक्यात मोडणारे. पलीकडच्या टोकाला त्यांना नाचवणारा म्हातारा जादूगार. तो पडला की सांगाडेही पडले. या खेपेस वार दोनच धरलेत. काकूंनी सुरा काढलाच तर तो वरकड. मालकांबरोबर तीनदा खेळून पाहिली. दोनदा निसटते जिंकलो, एकदा हरलो. यापेक्षा नेमकं मला जमत नाही.

आडोसा काढून टाकणार. शब्द दिलाय. म्हणजे आता जे पडेल ते पडेल. जीव टांगणीला लागलाय.

१६ फेब्रुवारी, रविवार

मध्यरात्र उलटलीय. तरी लिहिते.

पुलाच्या मधोमध योद्धा घसरला. माझा फासा, सगळ्यांसमोर, वीस! फळी मोडली, योद्धा एका हाताने लोंबकळतोय, खाली दरी. काकू अलीकडच्या टोकाला, दोन सांगाड्यांत अडकलेल्या. पाळी ढब्बूची. त्याच्याकडे एकच मोठा मंत्र उरलेला, जादूगार टप्प्यात. टाकला असता तर लढाई तिथेच संपली होती. पण पुढच्या पाळीला योद्धा खाली. दादा टेबलाकडे बघत होता.

काकूंनी विचारलं, "काय रे, निरोप काय नेऊ?"

ढब्बू ताडकन उठला, खुर्ची मागे पडली, आणि ओरडला, "दादा, हात दे!"

दादा! योद्धा नाही, 'त्याला सांगा' नाही. दादा! आणि दादाने खरोखरच टेबलावरून हात पुढे केला. ढब्बूने तो धरला. डाव्या हाताने फासा टाकला. चौदा हवे होते. फासा गरगरत राहिला, आणि थांबला तो पंधरावर.

दोघे लालेलाल झाले, चोरी पकडल्यासारखे. काकू गळ्यातल्या मापाच्या टेपनेच डोळे पुसत होत्या. जादूगाराला पुढच्या फेरीत काकूंनी सुरा फेकून मारलं म्हणे. मी पाहिलंच नाही.

कुणाकुणाचे आभार मानू? फाशाचे, मालकांचे, काकूंचे. आई, तुला दिसलं का गं?

१७ फेब्रुवारी, सोमवार

झालं माझं काम. फासे डब्यात, नकाशे गुंडाळून कपाटावर. दोघांना कळवलं, खेळ इथेच थांबवू या. आता रविवारी ते एकमेकांच्या घरी जातील, गप्पा मारतील. मध्ये राक्षस कशाला? मी तृप्त आहे. खरंच.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुकानात गेले नाही. अंग जड झालंय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आजही नाही. मालकांचा फोन वाजला. घेतला नाही. पडून राहिले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

वहिनी आली. दार उघडेपर्यंत बेलवरचं बोट काढलं नाही. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मटकन बसली. "वन्सं, मला शपथ घातलीय, पण खड्ड्यात गेली ती शपथ. भावजी आठवड्यातून दोनदा आमच्याकडेच जेवतात. वर्ष होत आलं. तुम्ही अंथरूण धरलं होतं ना, ते बघूनच दोघे पहिल्यांदा बोलले. फाशांचा डबा आणायचं त्याच दिवशी ठरलं. मिटलंय असं तुम्हाला कळलं, तर तुम्ही पुन्हा झोपून जाल म्हणाले. रविवारी निघताना ठरवतात, आज कशावरून तिरकं बोलायचं! आणि परवाच्या रविवारी भावजींच्या तोंडून 'दादा' निघून गेलं, तर आमच्या जिन्यात डोकं धरून बसले. 'आता ताई खेळ बंद करणार.'"

"काकूंना माहीत आहे?"

"त्यांना पहिल्याच रविवारी कळलं होतं."

गधडे! आधी हसले, मग रडले, मग वहिनीने आणलेलं सगळं जेवले. वर्षभर दोघांनी माझ्यासाठी भांडण बेतलं. फार जड नाही, फार हलकं नाही, मी उठून बसेन इतपत.

ती गेल्यावर दोघांना कळवलं, रविवारी खेळ आहे. वेगवेगळं कळवलं, मला काहीच माहीत नसल्यासारखं.