गाडीची धर्ममाता

प्रिय बेनिता,

बाळ आता बावीस दिवसांचं झालं. आई रोज सकाळी चूल पेटवता पेटवता बोटांवर दिवस मोजते आणि येत्या शनिवारपाशी येऊन थांबते. शनिवारी फेर्मिन दाजी नवी मिनीबस घेऊन तुम्हा दोघांना आणायला ला पाझला येणार, हे तुला कळलंच असेल. तुझ्या खोलीतल्या ओल आलेल्या भिंतीला मी चुना दिलाय. पाळण्याची दोरी दोनदा बदलली, कारण पहिलीचा एक पीळ मला सैल वाटला. आई म्हणाली, "अगं, बाळाला झोपवायचंय त्यात, बैलाला नाही." माझा स्वभाव तुला माहीत आहे, म्हणून पुढचं वाचताना 'ही नेहमीचीच घाबरट' असं म्हणून पत्र बाजूला ठेवू नकोस. गेल्या बुधवारी मी रस्त्यावर गाडीखाली येता येता वाचले. गाडी परक्याची नव्हती. ती आपलीच होती, आणि चालवत होते दाजी.

आधी मंगळवारचं सांगते, नाहीतर बुधवारचं कळायचं नाही. कार्निव्हलच्या शेवटच्या दिवशी गाडीचं बारसं झालं. बाळंतपणामुळे तू इथे नव्हतीस, म्हणून धर्ममाता व्हायचा मान मला मिळाला. मी पहिला घोट धरणीला दिला, मग प्रत्येक चाकावर बिअर ओतली, टपावर कागदी पाकळ्या उधळल्या आणि पुढच्या काचेवर रंगीत कागदांची लांब माळ बांधली. चौथ्या चाकाला बिअर कमी पडली, तर मी दुसरी बाटली मागितली. सगळे हसले. दाजी म्हणाले, "मेहुणीबाई, मागच्या स्टेपनीलाही पाजा, नाहीतर ती रुसून बसेल!" मी स्टेपनीलाही पाजली. तेव्हा मला फार बरं वाटत होतं, हेही सांगायला हवं. सगळी वस्ती माझ्याकडे बघत होती आणि मी काही चुकवलं नव्हतं. उरलेली बाटल्यांची पेटी पुरुषांनी पहाटेपर्यंत संपवली, आणि सकाळी दाजी तसेच पहिल्या फेरीला निघाले.

बुधवारी दहाच्या सुमारास मी खालच्या मळ्यातून केळी घेऊन चढत होते. गाठोडं पाठीवर बांधलेलं, नेहमीसारखं. आपल्या रस्त्याची रीत तुला सांगायला नको. उतरणारी गाडी दरीच्या कडेनं, चढणारी खडकाच्या कडेनं, आणि वळणाआधी हॉर्न. आपण लहानपणापासून या रस्त्यावर कानांनीच चालतो. मी खडकाच्या बाजूनं चालत होते आणि कान देऊन होते. चढणाऱ्या गाडीचा आवाज नव्हता, हॉर्न नव्हता, नुसतं खडकावरून झिरपणारं पाणी वाजत होतं. आणि वळणावरून गाडी आली, माझ्याच कडेनं, खाली उतरत, अजिबात आवाज न करता. डिझेल वाचावं म्हणून इंजिन बंद करून सोडली होती. पळायला जागा कुठे होती? पुढे गाडी, मागे खडक. मी खडकाला चिकटले. गाठोडं मध्ये आल्यामुळे मला पुरतं चिकटताही येईना. बाजूनं बाहेर आलेलं गाठोडं आरशानं ओरबाडून नेलं, मी गर्रकन फिरले, आणि चाक माझ्या चपलेच्या टोकावरून गेलं. बोटं मी आत ओढली होती. कधी ओढली, ते मला आठवत नाही.

गाडी चाळीस-एक पावलं पुढे जाऊन थांबली. दाजी उतरले. त्यांनी आधी वाकडा झालेला आरसा सरळ केला, दारावरून तळहात फिरवून पत्रा तपासला, आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्यात केळी गोळा करत होते. का गोळा करत होते, देव जाणे. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, ते मी लपवणार नाही. पण मागच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "जिवंत आहे ना रे?" तसा त्यांचा रंग परत आला. म्हणाले, "काय मेहुणीबाई, तुमच्या धर्मपुत्रानं तुम्हालाच ओळखलं नाही!" सगळी गाडी हसली. बेनिता, मीही हसले. तिथेच सगळं बिघडलं. मी हसले, म्हणजे ते हसण्यासारखंच होतं असं ठरून गेलं. आता हा विनोद दुकानात, नळावर, सगळीकडे फिरतोय. मी दिसले की लोक विचारतात, "मग, ओळख पटली का लेकाची?"

घरी आईनं मला कोकाच्या पानांचा चहा करून दिला आणि माझ्या डोक्यावरून मुठी ओवाळून काही पुटपुटली. दोमितिला मावशी शेजारून आलीच. म्हणाली, "धर्ममातेला धक्का दिला म्हणजे आता वर्षभर दुसऱ्या कुणाला देणार नाही. सगळी पीडा तुझ्यावरून गेली, पोरी. आनंद मान." मी म्हटलं, "इंजिन बंद होतं. हॉर्न नव्हता. गाडी चुकीच्या कडेला होती." दाजी दारातच उभे होते. "बघा, आमच्या मेहुणीबाई वाहतुकीच्या साहेबीण झाल्या! माळ कुणी बांधली होती काचेवर? मला त्या कागदातून काय दिसणार?" आईनं मला चुलीपाशी ओढलं आणि हळूच म्हणाली, "गाडीबद्दल वर्षभर वावगं बोलायचं नसतं. तू धर्ममाता आहेस. तू बोललीस आणि उद्या काही झालं, तर लोक म्हणतील, हिच्याच जिभेनं झालं." आणि हे खरं आहे, बेनिता. म्हणजे लोक असंच म्हणतील, हे खरं आहे. बोलले आणि गाडी दरीत गेली, तर ती मी घालवली. नाही बोलले आणि गेली, तरीही मीच. रात्रंदिवस मी या दोन वाक्यांमध्ये फिरतेय.

माळेचं मात्र मला सोडवेना. खरंच माझ्या हातून तेवढं झालं असेल तर? शाळा आपल्या वस्तीत यायच्या आधी तू मला कॉफी वाळवायच्या अंगणात कोळशानं अक्षरं काढायला शिकवलंस. 'गाय' लिहायला सांगितलंस की आधी गाय बघून यायला लावायचीस. तसंच केलं. रविवारी सगळे चर्चमध्ये असताना मी पोट दुखतंय असं सांगून मागे राहिले आणि गाडीत जाऊन दाजींच्या जागेवर बसले. माळ अजून तशीच होती, आपोआप गळेपर्यंत ती काढत नाहीत. ती काचेच्या अगदी वरच्या कडेला होती, वीतभरही खाली नव्हती. तिच्याखालून मला सगळा रस्ता दिसत होता, दुकानाच्या पायरीवरची कोंबडीसुद्धा. मी दाजींपेक्षा बुटकी आहे हे धरून खाली उशी घेतली आणि पुन्हा पाहिलं. दिसतच होती. आणि तिथे बसल्या बसल्या मला बुधवारचं ते आठवलं, जे मी स्वतःपासूनही बाजूला ठेवलं होतं. गाडी माझ्या अंगावर आली तेव्हा मला दाजींचा चेहरा दिसला नव्हता. मला त्यांचा कान दिसला होता. ते मागे वळून कुणाला तरी गोष्ट सांगत होते.

त्यानंतर दोन दिवस मी वरच्या बांधावर केळी निवडायच्या निमित्तानं बसतेय. पाच वेळा गाडी उतरली. चार वेळा आवाजाशिवाय. दाजी वाईट नाहीत. आईचे गुडघे धरले तेव्हा त्यांनी तिला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात नेलं होतं. चार लोक गाडीत बसले की त्यांना हसवल्याशिवाय राहवत नाही, एवढंच. वस्तीतून प्रवाशांची दुसरी गाडी नाही, म्हणून त्यांना बोलणारंही कुणी नाही. आणि मला आता एक विचारायचंय, उत्तर नाही दिलंस तरी चालेल. बाळ पोटात असताना, सातव्या महिन्यात, तू त्यांच्या जुन्या गाडीतून लाकडी पुलापाशी उतरलीस आणि उरलेला रस्ता पावसातून चालत आलीस. मळमळतंय म्हणालीस. मी तुझे पाय शेकले आणि तुला चिडवलं की ड्रायव्हरच्या बायकोलाच गाडी लागते. तुला मळमळत नव्हतं ना?

कोऑपरेटिव्हच्या दुकानातल्या फोनवर मी यातलं काही बोलू शकले नसते. तिथे बाकावर सगळे कान देऊन बसलेले असतात. इथली पत्रंही दाजींच्याच गाडीतून वर जातात. दवाखान्यातल्या सिस्टर आगाता उद्या पहाटे जीपनं ला पाझला निघतात, त्यांच्या हाती हे देतेय. शनिवारी मीही येणार आहे. पहिल्या लांबच्या फेरीला धर्ममाता पुढच्या सीटवर हवी, असं सगळ्यांनी ठरवलंय. मागे आई असेल, नातवासाठी विणलेल्या टोप्या मांडीवर घेऊन. मी हसत असेन. प्रवास कसा झाला असं तू विचारलंस, तर छान झाला म्हणेन. म्हणून माझ्या तोंडाकडे बघून काही ठरवू नकोस, आत्ताच ठरव. बाळाला ताप आहे म्हण. डॉक्टरांनी दोन आठवडे हलवू नका म्हटलंय म्हण. किती ताप विचारलं तर एकोणचाळीस सांग, आणि प्रत्येक वेळी तेवढाच सांग. मग रड, आणि आईशिवाय मला जमणार नाही म्हणून तिलाही ठेवून घे. ती थांबेल, तिला कुणाला तरी आपली गरज लागलेली आवडते. पुढच्या महिन्यात खालच्या गावच्या म्हाताऱ्या एवारिस्तोची बस सुरू होते. तो प्रत्येक वळणाला हॉर्न वाजवतो आणि गाडी चालवताना कुणाशी बोलत नाही. त्याच्याबरोबर या. मला मात्र थांबवू नकोस. मीही राहिले तर दाजींना कळेल, आणि गाडीत वाटेतली माणसं चढतीलच, त्यांना कोण सांगणार? मी उतरताना त्यांच्या शेजारी बसेन. हॉर्नचं बटण स्टिअरिंगच्या मधोमध आहे. माझा हात तिथपर्यंत पोचतो.

तुझीच, आणि आता त्या छोट्याचीही,
कासिल्दा