गाडीचे हार

खंडेनवमी, १९७६. भवानी पेठ.

आज हत्यारांच्या पूजेला आणलेले सगळे झेंडूचे हार मी गेल्या वर्षी एका परदेशी साहेबाकडून विकत घेतलेल्या जपानी गाडीलाच घातले. माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या हातमागाला एकही नाही. विसरलो म्हणू? की लोकांसमोर मागाची लाज वाटली?

शेजारी विचारत होते, गाडी कशी आहे. मी फुगून सांगत होतो: भर थंडीत एका दमात चालू होते, खडखड नाही, फक्त सुटे भाग मिळायची बोंब. वर हेही सांगितलं, की ही कंपनी आधी माग बनवायची, गाड्या नंतर.

अप्पांना हल्ली नीट दिसत नाही. बसल्या जागेवरून म्हणाले, "मग माग सोडला का त्यांनी?"

"नाही, अजून बनवतात."

"लई चांगली मानसं की." उठून चाचपडत मागाजवळ गेले, त्याच्यावर हात फिरवला. "हार कुटं हाय रे?"

"गळून पडला असेल," मी म्हणालो. धडधडीत खोटं.

अप्पांनी जवळची सुताची लड उचलली आणि मागाला घातली. मला राहवेना. बाहेर जाऊन गाडीवरचा एक हार काढून आणला.

"ऱ्हाऊ दे," अप्पा म्हणाले. "गाडीला घातलेला काढू नगंस."