फोटोभोवतीचे दिवे

पोरी,

परवा फोनवर तू भाषांतरात अडलेल्या त्या स्पॅनिश शब्दाला आपला मराठी शब्द मागितलास. मी गुळचट म्हटलं, भडक म्हटलं. तुला दोन्ही एकाच शब्दात हवं. मग तूच म्हणालीस, "अगं आजी, बाबांनी आईच्या फोटोला लाल-निळे दिवे आणि प्लॅस्टिकचे गुलाब लावलेत ना, अगदी तसं!" मलाही हसू आलं. गेलेली लेक माझीच, पण फोटो दिसतो खरा मिठाईच्या दुकानासारखा.

फोनचा आवाज मोठा होता. तुझा बाप दारातच उभा होता.

संध्याकाळी स्टुलावर चढून सगळं उतरवायला लागला. मी म्हटलं, "जावईबापू, राहू द्या की! त्या टवळीला काय कळतंय?"

"शिकलेली आहे, आई. तिला कळत असेल," म्हणाला, आणि एकेक गुलाब पुसून पिशवीत भरला.

भिंत आता नीट दिसते. तो मात्र त्या खोलीत जात नाही, बाहेर बाकड्यावर झोपतो.

"तिला सांगू नका, तिचं काम अडेल," असंही म्हणाला. म्हणून हे पत्र टाकत नाही. फोनवर विचारलंस तर सांगेन, बाबा मजेत आहे.

तुझी,
तोंडाळ आजी