शीतलचा शेरा

१२ जाने., सोम.
प्रगतिपुस्तकाचा नमुना परत बदलला. प्राचार्यांनी सकाळी ग्रुपवर टाकला, एकवीस पानं. जुना मी शुक्रवारीच शिकवून संपवला होता. वर्गात आमचे डी.एड.चे नऊजण. मी म्हणाले, वहीतली ती पानं काढून टाका. शीतल म्हणाली, "राहू द्या की मॅडम. परत तेच आलं तर?" कुणी हसलं नाही. टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचंही काहीतरी बदलणार म्हणतात. कोण म्हणतं ते कुणालाच माहीत नाही.

१५ जाने., गुरु.
शीतलची सरावशाळा बघून आले. झरीपर्यंत एस.टी., पुढं ऑटो. तिच्याकडं तिसरी. आईवडील मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला गेलेत, ही मावशीकडं राहून येणंजाणं करते.
मंगल नावाची एक मुलगी. पुस्तक उघडून धडा घडाघडा म्हणाली. अठरा वर्षं पाठ बघते मी, टिक करून मोकळी झाले असते. शीतलनं मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. "हे काय हाय?" मंगल गप्प. दुसरा शब्द, गप्प. पोरीनं सगळा धडा ऐकून पाठ केलेला. वाचता एक शब्द येत नाही.
परतताना ऑटोत तेच डोक्यात. आजवर अशा किती...

१९ जाने., सोम.
तिथल्या मुख्याध्यापकांचा (मु.अ.) फोन. शीतलनं मंगलच्या नव्या प्रगतिपुस्तकात लिहिलं: अक्षरं ओळखते, शब्द वाचता येत नाही, धडा पाठ आहे.
"मॅडम, दिवाळीआधी आमी हिला 'परिच्छेद वाचते' म्हणून ऑनलाइन भरलंय. आता खाली कशी आणू? वरून विचारायलेत, एक पोरगं खाली गेलं की खुलासा. तुमची पोरगी महिन्याभरात जाईल. खुलासा मला द्यायचाय."
खोटं बोलत नव्हते. मी बघते म्हणाले.

२१ जाने., बुध.
परत शाळेत. मु.अ. वर्गाबाहेर खुर्ची टाकून बसलेले, मांडीवर बालमानसशास्त्राचं गाइड, पेन्सिलीच्या खुणा. नोकरीतल्यांनाही आता टीईटी. यांची एकोणतीस वर्षं झालीत, सात राहिलीत.
"माझ्या हाताखालचे पोरं मास्तर झाले, मॅडम. आता मी परीक्षेला बसायलोय. रचनावाद म्हणजे नेमकं काय ओ?"
अर्धा तास समजावलं. मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान उभं करतं, वगैरे. त्यांनी लिहून घेतलं. दर बुधवारी येत जा म्हणाले, मी हो म्हणाले.
निघताना म्हणाले, "शीतलच्या प्रमाणपत्राची सही अडवत न्हाई मी. लय चांगली शिकवती. फक्त तेवढा शेरा बदलून पाठवा."
राग यावा असा माणूस असता तर बरं झालं असतं.

२३ जाने., शुक्र.
प्राचार्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "एका ओळीपायी शाळा घालवू नका. पुढच्या साली सरावाला शाळा कोण देईल? आणि पुढच्या साली प्रवेश तरी किती होतील..."
सरावाची फाइल, ही प्रगतिपुस्तकं लावून, ३१ तारखेपर्यंत ऑफिसात. फाइल नाही तर सराव पूर्ण नाही, परीक्षेचा फॉर्म नाही. मग टीईटी कसली.

२७ जाने., मंगळ.
शीतलला थांबवून घेतलं. आठवतं तेवढं लिहिते.
"मॅडम, तुमीच म्हणलात, दिसलं ते लिहा."
"म्हणले होते."
"मग आता?"
मी फॉर्मचं सांगितलं, तारखेचं सांगितलं.
"तिला येत न्हाई हे कुठंच लिहिलं न्हाई, तर पुढच्या वर्षी तिच्याकडं बघायचं कुणी? सगळे म्हणतेल, हिला येतंय."
मी म्हणाले, "आधी तू पास हो."
हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. तिनं मान हलवली. रागावली नाही, त्याचंच जास्त लागलं. वडलांनी पहिल्या वर्षी कॉलेजात येऊन विचारलं होतं, मॅडम, हिला नोकरी लागती का? तेव्हाही मी असंच काहीतरी बोलले होते.

२९ जाने., गुरु.
आठ फाइली आल्या, सगळ्यांचे शेरे एकासारखे एक. शीतलची दुपारी आली. मंगलचं पान नवं लिहिलंय. वरचं सगळं आहे: उपस्थिती, आवडी, चित्रं छान काढते. वाचनाची ओळ रिकामी. खाली तिची सही, मु.अ.ची सही.
विचारलं, हे राहिलं का?
"राहिलं न्हाई मॅडम. खोटं मला लिहायचं न्हाई, आणि खरं लिहून फॉर्म घालवायचा न्हाई. तुमी लिहा. तुमी लिहिलं ते मला मान्य हाय."
उद्धटपणा नव्हता. खरंच माझ्यावर सोपवून गेली.

३० जाने., शुक्र.
शीतल आज शाळेत. मधल्या सुट्टीत मेसेज: मंगलला 'घर', 'नळ', 'बस' वाचता आलं. न सांगता, फळ्यावरून.
तीन शब्द. याला त्या नमुन्यात रकाना नाही, मी एकवीसही पानं पाहिली.
एकदा पेन्सिलीनं लिहिलं, 'परिच्छेद वाचते'. खोडलं. मग खरं लिहिलं, तेही खोडलं. कागद तिथं पातळ झालाय.
साडेचारला ऑफिसातून शिपाई आले. आठ दिल्या. म्हणाले, नववी?
म्हटलं, उद्या देते.
उद्या शनिवार. ऑफिस दीडपर्यंत.