कडब्याची पेंढी

मखमलाबाद, नाशिक
नागपंचमीनंतरचा तिसरा दिवस

ती. दादा,

तुमच्या आणि आईच्या पायांवर डोकं ठेवते. तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहायला बसले. आम्ही सगळे बरे आहोत. आरोहीला तीन वर्षं पुरी झाली, दिवसभर बडबडते. तुमचा गुडघा कसा आहे?

तुम्ही कंधारहून पाठवलेल्या लाली गाईची चौकशी दर वेळी आधी करता. दादा, लाली गेली.

पंचमीला विळा चालवायचा नाही, म्हणून हिरवा घास कापला नाही. सकाळी नागोबाला लाह्या वाहिल्या आणि गंजीच्या तळातली कडब्याची पेंढी ओढून गव्हाणीत टाकली. तिच्यातच घोणस होती. लालीनं तोंड घातलं तशी ती नाकपुडीला डसली. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पण तोंड सुजतच गेलं. दिवस मावळताना तिनं मान टाकली. वासरू अजून तिच्या दाव्यापाशीच बसतं.

घोणस सर्पमित्रानं धरून नेली. यांनी गंजी घरापासून लांब हलवली, आणि आता आम्ही सगळे खाटेवरच झोपतो. तेव्हा काळजी करू नका. सासूबाई म्हणतात, "रीत पाळलीस, तुझा काय दोष?" पण चाऱ्याला हात लावायचा म्हटलं की माझा हात पुढे होत नाही.

आईचं औषध चुकवू नका.

तुमची,
मनीषा

ता. क. एवढं आईला वाचून दाखवू नका. ती पेंढी मी पोटाशी कवटाळून आणली होती, आणि आरोही मागून सांडलेली पानं वेचत येत होती.