मागून कापलेली उशी

प्रिय ड्रायव्हरबाई,

युनिफॉर्म परत करायला घडी घालशील तेव्हा तू आधी खिसे तपासणार, हे मला ठाऊक आहे. माझ्या मुलाच्या खिशांतून आजवर इतके चुरगळलेले कागद काढलेस की ती सवय आता सुटायची नाही. म्हणून हे पत्र पँटच्या उजव्या खिशात ठेवलंय. एकाच घरात राहून पत्र कसलं लिहिता, असं म्हणशील. पण समोर बसून बोलायला गेले की माझ्या तोंडून काय निघेल याचा नेम नसतो, हे तू तीन वर्षांत चांगलंच अनुभवलंयस. आणि समोर बसून म्हटलं खरं, पण आपण दोघी समोरासमोर बसतो तरी कधी? तू बसत नाहीस, आणि मी तर नाहीच नाही.

मागच्या रविवारी जेवताना तू सांगून टाकलंस की रजा संपली तरी आता बस चालवायची नाही, शुक्रवारी डेपोत राजीनामा आणि युनिफॉर्म देऊन येणार, छोटीजवळ राहावंसं वाटतं. तुझा नवरा गहिवरला. खोटं कशाला बोलू, मीही मनातून सुखावले, की चला, बाईचं चित्त घरात लागलं. पण तू हे सगळं ओट्याला टेकून, हातात ताट धरून, उभ्याउभ्याच सांगितलंस. ज्या बाईने लग्नाच्या फोटोतसुद्धा बस उभी करायला लावली, सातव्या महिन्यापर्यंत स्टिअरिंग सोडलं नाही, ती हे सांगताना एकदाही कोणाच्या डोळ्यांकडे बघत नव्हती. तेव्हाच कुठेतरी खटकलं होतं मला.

तू आठ महिने उभ्यानेच जेवते आहेस. छोटी तीन महिन्यांची होती तेव्हा मी एकदा फटकन बोलून गेले होते, की बाळंतपणं आमचीही झाली, आम्ही नाही ती मिरवली. तू ताट धुतलंस आणि आत गेलीस. त्यानंतर दुखतंय हा शब्द मी तुझ्या तोंडून ऐकलेला नाही. मला वाटायचं, बरं झालं, दुखायचं थांबलं. थांबलं नव्हतं, तू फक्त सांगायची थांबली होतीस, आणि ते माझ्या जिभेमुळे. माझं चुकलं गं. फार चुकलं.

कळलं कसं, ते सांगते. सोमवारी तू तुझी घरातली राखाडी पँट इलॅस्टिक बदलायला माझ्या मशीनवर ठेवलीस. मी ती खिडकीत उजेडाला धरली, तर बसायच्या जागी डावीकडचं कापड पार विरलेलं आणि उजवीकडचं नवंकोरं. चाळीस वर्षं लोकांचे कपडे आल्टर करते आहे मी. कपडा हातात आला की माणूस कसा उठतो, कसा बसतो, कुठल्या खांद्याला पिशवी अडकवतो, सगळं समजतं. खालच्या मजल्यावरच्या न्हाव्याचा उजवा खांदा उतरलाय, हे त्याच्या बायकोच्या आधी मला कळलं होतं. आणि माझ्याच घरात, माझ्याच नाकासमोर, एक मुलगी आठ महिने एका कुल्ल्यावर बसते आहे, याचा मला पत्ता नाही! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मग एकेक आठवायला लागलं. तू छोटीला कुशीवर आडवी होऊनच पाजतेस. खुर्चीतून उठताना आधी टेबल घट्ट धरतेस. छोटीला लस टोचून टॅक्सीने परत येताना प्रत्येक खड्ड्याला वरची कडी धरून स्वतःला उचलून घेत होतीस, आणि मी हसून म्हणाले होते की बघा, बसवाली बाई धक्क्यांना घाबरते. चौदा तासांच्या कळा, शेवटी चिमटा लावून ओढलेलं मूल. तेव्हाच मला समजायला हवं होतं. इतर कोणाला नाही, पण मला तरी.

मंगळवारी मी बटणं आणायला म्हणून बाहेर पडले आणि दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्टकडे जाऊन धडकले. अंगाने आडवी, आवाजाने खणखणीत अशी बाई आहे ती. मी म्हटलं, घरातल्या एकीसाठी विचारायला आलेय. तिने समोरची खुर्ची दाखवली. मी बसले. मी एका बाजूवर कशी टेकले ते तिने बघितलं आणि विचारलं, की एकीसाठी की दोघींसाठी? अशी चोरी माझी आजवर कोणी पकडली नव्हती. हो, मलाही आहे हे. तुझ्या नवऱ्याच्या वेळेपासून. घरातले सगळे माझी थट्टा करतात ना, की आईने मशीन त्या उंच टेबलावर चढवून ठेवलंय आणि ती उभ्यानेच शिवते? तूही लग्नानंतर विचारलं होतंस. बसलं की डुलकी लागते, असं मी ठोकून दिलं होतं.

तर ऐक, तिने काय काय सांगितलं. दुखतंय ते माकडहाड, पाठीच्या कण्याचं अगदी शेवटचं टोक. बाळ बाहेर येताना ते कधी मागे ढकललं जातं, कधी मुरगळतं, क्वचित मोडतंही. त्याला सांभाळत बसलं की कंबरही धरते. बहुतेक जणींचं काही महिन्यांत आपोआप बरं होतं. ज्यांचं होत नाही, त्यांनी सोसत बसायचं नसतं, हे तिने मला तीनदा ऐकवलं. सलग अर्ध्या तासाच्या वर बसायचं नाही, उठताना आधी पुढे वाकायचं, गरम पाण्याची पिशवी घ्यायची, पोट साफ ठेवायचं. हे झालं घरचं. मग तिचे व्यायाम. आणि इथे मला हसू आलं, कारण तू फोनवर बघून रोज ते ओटीपोटाखालचे स्नायू आवळायचे व्यायाम करतेस ना? ती म्हणाली, पुष्कळ जणींचे ते स्नायू दुखण्याच्या भीतीने आधीच आवळलेले असतात, त्यांना आधी सैल सोडायला शिकवावं लागतं, श्वासाबरोबर. तुझं कुठलं आहे, हे तपासल्याशिवाय ती सांगणार नाही. गरज पडली तर ती हाताने ते हाड हलकेच सैल करते. जरा अवघड जागेचं दुखणं आहे खरं, पण ती आधी विचारते, आणि नको म्हटलं तर हात लावत नाही. त्याने भागलं नाही तर डॉक्टर बसून आणि उभ्याने असे दोन एक्सरे काढतात, तिथे इंजेक्शन देतात. अंगावर पाजणारीला चालतील अशा गोळ्याही असतात, पण त्या डॉक्टरांना विचारून, शेजारणीला विचारून नव्हे. ऑपरेशन अगदी शेवटचं, आणि तिथपर्यंत फारच थोड्या जणी जातात. फक्त पायाला मुंग्या, बधिरपणा किंवा लघवीचा ताबा सुटणं, असं काही झालं तर एक दिवसही थांबायचं नाही, तडक दवाखाना. तसं काही असेल तर आत्ताच्या आत्ता मला हाक मार.

आता उशीची गंमत. बुधवारी तुझ्यासाठी मोठ्या हौसेने उशी शिवली. गोल, मध्ये भोक असलेली, कडेला निळी पायपिंग. हातचं काम म्हणशील तर नाव ठेवायला जागा नाही. दुपारी मिरवत फिजिओबाईला दाखवायला नेली, तर ती म्हणाली, छान आहे, पण हिच्यावर बसलं की सगळा भार मधोमध लोंबतो आणि हाड आणखी ताणलं जातं. उशी पुढे उतरती हवी आणि फक्त मागून कापलेली, म्हणजे हाड अधांतरी राहतं. चाळीस वर्षं लोकांची मापं घेणाऱ्या बाईने हाड कुठे आहे तेच मोजलं नव्हतं! ती गोल उशी आता छोटी डोक्यात घालून रांगते, तू बघितलंच असशील. नवीन उशी कपाटात आहे. तिचं माप तुझ्या बसच्या सीटचं घेतलंय. डेपोच्या फाटकावरच्या माणसाला मी ड्रायव्हरबाईंची सासू असं सांगितल्यावर त्याने स्वतः टेप धरली.

आणि ही युनिफॉर्मची पँट. कमरेला दोन बोटं सैल केली आहे, मागची शिवणही बाजूला सरकवून घेतली आहे, म्हणजे ती त्या जागी टोचणार नाही. परत करायची असेल तर खुशाल कर, माझी मेहनत गेली म्हणून मी रुसणार नाही. पण सोमवारी अकरा वाजता तुझ्या नावाने वेळ घेतली आहे. साडेअकराची माझी. एकतीस वर्षांचं जुनं दुखणं पुरतं जाणार नाही, असं तिने मला स्पष्ट सांगितलंय. पण तुझं आठ महिन्यांचं आहे. आपण आत असू तेव्हा छोटीला तिचा बाप सांभाळेल.

आता हे एवढं सगळं लिहिलं ते कशासाठी. नाटक कंपनीचं शिवणघर मी मुलासाठी सोडलं, असं घरात सगळे मानतात. मीच तसं सांगितलं होतं. खरं हे की मला मशीनवर बसवत नव्हतं, आणि तसं सांगायची लाज वाटत होती. बाळाजवळ राहावंसं वाटतं, असं म्हणाले. शब्द न् शब्द तुझेच. लोकांनी कौतुक केलं, आणि मग तो मोठा होताना तेच ऐकत गेला, की आईने तुझ्यासाठी नाटक सोडलं. म्हणून तो दर वाढदिवसाला मला नाटकाचं तिकीट आणून देतो, पहिल्या रांगेतलं. मी पहिला अंक कसाबसा काढते आणि उरलेलं नाटक मागच्या दाराशी उभी राहून बघते. त्याला वाटतं, मला अजून नाटक सुटल्याचं दुःख आहे आणि ते त्याच्यामुळे आहे. एका हाडाचं ओझं मी एकतीस वर्षं माझ्या पोराच्या डोक्यावर ठेवलं. तुला खरंच घरी राहायचं असेल तर राहा, मी एका शब्दाने बोलणार नाही. पण दुखतंय म्हणून सोडत असशील, तर ते छोटीच्या नावावर घालू नकोस. ती फार लहान आहे गं त्याला. येत्या रविवारी जेवताना मी तुझ्या नवऱ्याला खरं काय ते सांगणार आहे. माझा धीर सुटेल, म्हणून तू शेजारी हवीस. उशा मी दोन शिवल्या आहेत. दोन्ही खुर्च्यांवर ठेवते, त्या दिवशी आपण दोघी बसून जेवू.

तुझीच,
सासू, पण आधी याच दुखण्यातली तुझी सोबतीण