झाओस्त्रोव्येच्या कुरणाचा कागद

मी, वेनियामिन साव्विच कुबेन्स्की, वय सत्तर, जुन्या दस्तऐवजांच्या छापील तिसऱ्या खंडाचा संपादक, राहणार वोलग्दा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. छाती नाही, पण डॉक्टरांच्या मते येता हिवाळा निघेल.

एक. घर भाची ग्लाफिराला. छप्पर गळते, हे तिनेच मला वारंवार ऐकवले असल्याने तिची फसवणूक झाली असे होत नाही.

दोन. शिल्लक रक्कम स्वयंपाकीण उल्यानाला. बावीस वर्षे तिने कोबीचे सूप ढवळत माझ्या तोंडून शाळेतल्या कविता ऐकल्या. "छान आहे, आता जेवा," एवढेच तिचे मत. छापून आलेल्या मतांपेक्षा ते मला अधिक मोलाचे वाटले.

तीन. भिंग, लेखण्या आणि अस्तराचा कोट दप्तरखान्यातल्या नव्या नक्कलकाराला. मठांच्या कोठारात शेगडी नसते.

चार. खंडाबद्दल मिळालेले माझे पदक सहसंपादक ऑनुफ्री गेरासिमोविच यांना. त्यांच्या मते ते माझ्या छातीवर कधीच शोभले नाही. आता त्यांचे म्हणणे मला पटले आहे. कारण पुढे येते.

पाच. अठराशे सेहेचाळीसचा तो उन्हाळा! गाडीतून मठामठांत हिंडावे, वाळल्या अळंब्यांच्या पिंपातून सनदा उपसाव्यात, साध्वींच्या मुरंब्याच्या बरणीवरून एखाद्या राजाचा हुकूम सोडवावा. एका घंटाघरातल्या पेटीत मला झाओस्त्रोव्ये गावाचा जमीनदाराशी झालेला कुरणाचा जुना तंटा सापडला. कागदाला कागद चिकटवून केलेली लांब गुंडाळी. भाषा अशी की वाचता वाचता डोळे भरले. मी पुढची बाजू अक्षरन् अक्षर उतरवली आणि शेवटी लिहिले, "मागे सह्या आहेत."

त्या काळी निरक्षर गावाच्या वतीने पाद्री मागच्या बाजूला सही करीत, हे आम्ही जाणून होतो. ऑनुफ्री म्हणाले, "अहो, मागचं कोण वाचतं? कागद काय फुकट येतो?" मी उलटून पाहिलेच नाही. गुंडाळी मात्र "मुद्रिते तपासायला" घरी आणली आणि ती घरचीच झाली.

अकरा वर्षांनी ती उलटून पाहिली. सह्यांच्या वर जमीनदाराच्या हातची ओळ होती: कुरणावरचा हक्क मी गावाला कायमचा सोडला. खंडाच्या पहिल्या पानावर तोवर छापून गेले होते, "मुळाशी ताडून पाहिले." खाली माझे नाव.

गेल्या वर्षी त्या जमीनदाराच्या वंशजाने कुरण मागितले. न्यायाधीशांनी माझा खंड उघडला, त्यात सोडल्याचे काही नाही, गाव हरले. गावचा मुखिया येरेमेय माझ्याकडे आला. "बाबा, तुमच्या पुस्तकात आमचं कुरण नाही म्हणतात. जरा नीट बघता का? गुरं विकायची पाळी आलीय." मी त्याला चहा पाजला आणि पेरणीवरची एक कविता ऐकवली. तो म्हणाला, "गोड आहे. पण गाय हे खात नाही."

सबब, माझ्या पश्चात ती गुंडाळी झाओस्त्रोव्ये गावास द्यावी.

सहा. वरील कलम रद्द. साक्षीला बोलावलेले फादर इन्नोकेन्ती ते वाचून म्हणाले, "वेनियामिन साव्विच, गावाचं अपील दोन सप्टेंबरला आहे ना? मग तुम्ही हिवाळ्यापर्यंत जगलात तर त्यांचं कसं व्हायचं?"

येरेमेयला आज बोलावून गुंडाळी हातात दिली. त्याने आभार मानले नाहीत. म्हणाला, "असं नको. शेतकऱ्याच्या हातात जुना कागद दिसला की चोर म्हणतात. तुमच्याकडे कसा आला, कोर्टात का नव्हता, ते लिहून द्या."

मी काव्यमय प्रस्तावना सुरू केली. तो म्हणाला, "थोडक्यात, बाबा. घोडा बाहेर उभा आहे."

थोडक्यात लिहिले: "हा कागद मी मठातून आणला, परत केला नाही, मागची बाजू न वाचता छापला, आणि कळल्यावर गप्प राहिलो." सही केली. त्याने शाई वाळेपर्यंत वाट पाहिली.

साक्षीदार:
फादर इन्नोकेन्ती झारुबिन (सही)
मित्रोफान लुकिच सोत्निकोव, घड्याळजी (सही)

लिहून देणार: वे. सा. कुबेन्स्की (सही)
वोलग्दा, १२ ऑगस्ट १८८६